अमेरिकेचा अध्यक्ष: इलेक्टर्सनी निवडावा की सरळ मतं मोजून?

खटपट्या
दर चार वर्षांनी हा वाद निघतो आणि दर वेळी तेच दोन आकडे फेकले जातात. २००० साली अल गोर यांना देशभरात ५ लाख ४३ हजार मतं जास्त, अध्यक्ष बुश. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना साधारण २८ लाख ७० हजार मतं जास्त, अध्यक्ष ट्रम्प. त्याआधी १८७६ आणि १८८८. १८२४ ची भानगड वेगळीच, ती हाउसमध्ये (संसदेच्या खालच्या सभागृहात) गेली होती.

माझं मत सांगून टाकतो: ज्याला जास्त मतं तो अध्यक्ष. पण "हा अन्याय आहे" किंवा "ही घटनाकारांची दूरदृष्टी आहे" एवढंच लिहायचं असेल तर धागा वाचला नाहीत तरी चालेल. बदलायचं तर नक्की काय बदलायचं? मोजणी कोण करणार? फरक अगदी थोडा असेल तर फेरमोजणी कुठे? माहीतगारांनी लिहा.

तळटीप
आधी यंत्रणा कशी चालते ते एकदा मांडतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

इलेक्टर म्हणजे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडणारा प्रतिनिधी. राज्याच्या हाउस आणि सिनेट (वरचं सभागृह) मिळून जितक्या जागा, तितके त्याचे इलेक्टर्स. एकूण ५३८: हाउसच्या हिशेबाने ४३५, सिनेटच्या हिशेबाने १०० आणि १९६१ च्या तेविसाव्या दुरुस्तीने वॉशिंग्टन डी.सी.ला दिलेले ३. जिंकायला २७०. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी लोक जे मत देतात ते कायद्याने उमेदवाराला नसतं, त्याच्या पक्षाने आधीच ठरवलेल्या इलेक्टर्सच्या यादीला असतं. यादीत खासदार चालत नाहीत, केंद्र सरकारचं लाभाचं पद धारण करणारे चालत नाहीत. (लाभाचं पद हे आपलंच दुखणं नाही.)

मग गव्हर्नर दाखला काढतो की या राज्यातून अमुक यादी निवडून आली. २०२२ च्या कायद्याप्रमाणे हा दाखला इलेक्टर्सच्या बैठकीच्या सहा दिवस आधी निघालाच पाहिजे. डिसेंबरातल्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी इलेक्टर्स आपापल्या राज्यात जमतात. २०२४ मध्ये ती तारीख १७ डिसेंबर होती. सगळे ५३८ एका सभागृहात कधीच येत नाहीत. दोन वेगळ्या मतपत्रिका: एक अध्यक्षासाठी, एक उपाध्यक्षासाठी. निकालाच्या सहा प्रती करून सगळे सह्या करतात. एक सिनेटच्या अध्यक्षाकडे, दोन राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, दोन राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे आणि एक तिथल्या फेडरल न्यायाधीशाकडे. ६ जानेवारीला दुपारी एक वाजता काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) संयुक्त बैठकीत पाकिटं अकारविल्हे उघडतात, अलाबामा पहिलं, वायोमिंग शेवटचं.

बटाटेवडा
थोडक्यात, साडेपंधरा कोटी लोक मत देणार आणि ५३८ जण सहा सहा प्रतींवर सह्या करणार. आमच्या तलाठ्याला हे कळलं तर तो सातवी प्रतही मागेल.

रोखठोक
खटपट्या, सगळे "लहान राज्यांना जास्त वजन" यावरच अडकतात. ते खरं आहे. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या ५ लाख ७७ हजार आणि इलेक्टर्स ३, म्हणजे एकामागे १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्निया ३ कोटी ९५ लाख आणि ५४, म्हणजे एकामागे ७ लाख ३२ हजार. पण निकाल उलटा पडण्याचं मुख्य कारण ते नाही.

कागद घ्या. २०१६ मध्ये निवडून आलेल्या याद्यांप्रमाणे ३०६ विरुद्ध २३२. आता प्रत्येक राज्याचे सिनेटवाले दोन इलेक्टर्स काढून टाका. ट्रम्प यांची ३० राज्यं, वजा ६०, उरले २४६. क्लिंटन यांची २० राज्यं आणि डी.सी., वजा ४२, उरले १९०. ट्रम्पच जिंकतात, आणि आरामात. म्हणजे लहान राज्यांचा बोनस काढूनही निकाल तोच.

दोष आहे "राज्यात एका मताने पुढे असलात तरी राज्यातले सगळे इलेक्टर्स तुमचे" या नियमात. ४८ राज्यं आणि डी.सी. हा नियम पाळतात, आणि तो घटनेत नाही! इलेक्टर्स कसे नेमायचे ते घटनेने राज्याच्या विधिमंडळावर सोडलंय. मेनने १९७२ पासून आणि नेब्रास्काने १९९२ पासून तो सोडला, तेव्हा कुणी घटनादुरुस्ती केली नव्हती.

ओहायोकर
रोखठोक, सोयीचं वर्ष निवडलंत. हेच गणित २००० ला लावा. बुश २७१ वजा ६० बरोबर २११. गोर यांचे निवडून आलेले २६७ वजा ४२ बरोबर २२५. बोनस नसता तर गोर अध्यक्ष झाले असते. तेव्हा बोनसही निकाल फिरवतो, फरक कमी असला की.

रोखठोक
२००० पुरतं मान्य. पण त्याच वर्षी फ्लोरिडाचे २५ इलेक्टर्स ५३७ मतांवर फिरले, त्याचं काय? बोनसमुळे बुश यांना १८ चा फायदा, फ्लोरिडाच्या एकगठ्ठा नियमाने २५ चा. यातलं कुठलंही एक नसतं तर गोर.

सुपारीफुल
तुम्हा दोघांचं अंकगणित छान आहे, पण मतदाराच्या बाजूने बघा. २०२० मध्ये ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठून मिळाली? टेक्सास नाही. कॅलिफोर्नियातून, ६० लाखांवर. टेक्सासमधून ५९ लाखांहून थोडी कमी. कॅलिफोर्नियातल्या त्या ६० लाख मतांचे इलेक्टर्स किती? शून्य. २०२४ मध्ये टेक्सासमध्ये हॅरिस यांच्या ४८ लाख मतांचंही तेच.

आणि प्रचार? २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा ही सात राज्यं, मिळून ९३ इलेक्टर्स. बाकीच्या ४३ राज्यांत उमेदवार देणग्या गोळा करायला जातात. एडिसनमधल्या मराठी मतदाराने कितीही रांग लावली तरी न्यू जर्सी १९९२ पासून एकाच पक्षाकडे आहे.

अनुस्वार
एडिसनचा विषय निघालाच तर एक गंमत. इलेक्टर्सची संख्या हाउसच्या जागांवरून ठरते आणि हाउसच्या जागा जनगणनेवरून. जनगणना सगळ्या रहिवाशांची होते, फक्त नागरिकांची नाही. म्हणजे एच-वन-बीवर किंवा ग्रीन कार्डवर असलेला माणूस मत देऊ शकत नाही, पण त्याच्या राज्याच्या इलेक्टर्सच्या हिशेबात तो पूर्ण मोजला जातो. थेट मतांची पद्धत आली की हे वजन जातं. भूतकाळात याचं फार वाईट रूप होतं: १७८७ च्या तडजोडीत गुलामांना मत नव्हतं पण जागांच्या हिशेबात ते तीन पंचमांश धरले जात. फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना जेम्स विल्सन यांनी थेट निवडणूक सुचवली होती. मॅडिसन यांनाही ती तत्त्वतः बरी वाटत होती, पण दक्षिणेकडे मताधिकार कमी लोकांना असल्याने दक्षिणेचा प्रभाव पडणार नाही, ही अडचण त्यांनीच मांडली. दूरदृष्टीवाल्यांनी हा भाग जरूर वाचावा.

खडूस काका
सगळे एकाच सुरात गाताय म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. थेट मतं म्हणजे नक्की कुठल्या नियमाने दिलेली मतं? अमेरिकेत राष्ट्रीय मतदारयादी नाही, आणि आपल्यासारखा एकच निवडणूक आयोगही नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि प्रत्यक्ष काम काउंटी किंवा गावपातळीवर. नॉर्थ डकोटात मतदार नोंदणीच नाही. मेन आणि व्हरमाँटमध्ये तुरुंगातला कैदीही मत देतो, इतर बऱ्याच ठिकाणी सुटल्यावरही लगेच देता येत नाही. टपाली मत कुठे निवडणुकीच्या दिवशी पोहोचलं पाहिजे, कुठे त्या दिवसाचा शिक्का पुरतो.

आज या फरकांना राज्याच्या कुंपणाचा बांध आहे. एखाद्या राज्याने मतदान कितीही वाढवलं तरी त्याचे इलेक्टर्स तेवढेच. थेट पद्धतीत मत वाढवणं म्हणजे आपल्या राज्याचं वजन वाढवणं. जे राज्य नियम सैल करेल त्याचा फायदा. एखाद्या विधिमंडळाला उद्या वाटलं की सोळा वर्षांच्यांना मत द्यावं, तर? घटनेची सव्विसावी दुरुस्ती अठराच्या वरच्यांना नाकारू नका म्हणते, खालच्यांना देऊ नका असं म्हणत नाही.

दुसरं, फेरमोजणी. २००० मध्ये एका राज्यात भोकं नीट न पडलेल्या मतपत्रिका भिंगातून बघत बसले आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने थांबवलं. तीच मोजणी देशभर करायची झाली तर?

सुपारीफुल
काका, फेरमोजणीची भीती उलटी आहे. फेरमोजणीत मतं हलतात ती शेकड्यांत. २०१६ ला विस्कॉन्सिनमध्ये जवळपास ३० लाख मतं पुन्हा मोजली, फरक पडला १३१ मतांचा. देशात १५ कोटी मतं असताना फरक काही हजारांवर येण्याची शक्यता किती? राज्याराज्यांचे ५१ छोटे डाव केले की त्यातला एखादा अटीतटीचा होणारच. २०२० मध्ये बायडेन देशभरात ७० लाखांनी पुढे होते. तरी ॲरिझोना १०,४५७, जॉर्जिया ११,७७९, विस्कॉन्सिन २०,६८२, या तिन्हींतला फरक मिळून ४३ हजारसुद्धा नाही. ही तीन राज्यं फिरली असती तर २६९–२६९.

राईचापर्वत
२६९–२६९ झालं तर पुढे काय हे लोकांना माहीतच नसतं. निवड हाउसकडे जाते, पण तिथे प्रत्येक खासदाराला मत नाही, प्रत्येक राज्याला एक मत. कॅलिफोर्नियाचे ५२ खासदार मिळून एक, वायोमिंगची एकच खासदार, तिचंही एक. राज्यातले खासदार निम्मे निम्मे फुटले तर त्या राज्याचं मत बाद. डी.सी.ला मत नाही. २६ राज्यं हवीत. उपाध्यक्ष मात्र सिनेट निवडणार, पहिल्या दोघांतून. म्हणजे अध्यक्ष एका पक्षाचा आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा होऊ शकतो.

१८२४ मध्ये इलेक्टर्समध्ये जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. बहुमताला १३१ हवे होते. हाउसमध्ये ॲडम्स यांना २४ पैकी १३ राज्यं मिळाली आणि ते अध्यक्ष. त्यांना पाठिंबा देणारे क्ले पुढे परराष्ट्रमंत्री झाले. घोडेबाजार आपणच शोधला असं समजू नये.

बटाटेवडा
रिसॉर्ट कुठलं होतं?

ओहायोकर
😀 रिसॉर्टची सोय तेव्हा नव्हती.

मुद्द्यावर येतो. हा प्रश्न फक्त एका पक्षाच्या फायद्याचा असं जे दोन्हीकडचे लोक समजतात ते चूक आहे. २००४ घ्या: बुश देशभरात ३० लाखांनी पुढे. ओहायोत फरक १,१८,६०१. तिथले साठ हजार मतदार दुसरीकडे वळले असते तर केरी अध्यक्ष, ३० लाख मतं कमी असूनही. २०२४ घ्या: ट्रम्प जवळपास २३ लाखांनी पुढे, ३१२–२२६. पण मिशिगन ८० हजार, पेनसिल्व्हेनिया १ लाख २० हजार, विस्कॉन्सिन २९ हजार. हे तिन्ही फिरले असते तर हॅरिस बरोबर २७०. तेव्हा रिपब्लिकनांनी थेट मतांची मागणी केली असती आणि डेमोक्रॅट्स संघराज्याच्या गोष्टी सांगत बसले असते.

मुक्काम_पोस्ट
अवांतर होईल, पण आपल्याकडेही राष्ट्रपती इलेक्टोरल कॉलेजच निवडतं. मग तिथे का कुणी बोंब मारत नाही? घटना समितीत के. टी. शाह यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडीची मागणी केली होती. नेहरूंचं म्हणणं असं की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवायची तर राष्ट्रपतीला सगळ्या देशाचा कौल देऊन बसवणं विसंगत आहे. हे मला पटतं. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो, म्हणून तिथे प्रश्न वेगळा.

रोखठोक
अवांतर नाही, उलट नेमकं उदाहरण दिलंत. भारतात आमदाराच्या मताचं मूल्य काढतात ते असं: १९७१ ची राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, परत भागिले हजार. महाराष्ट्र: ५ कोटी ४ लाख १२ हजार, भागिले २८८, भागिले १०००, म्हणजे १७५. उत्तर प्रदेश २०८, गोवा २०, सिक्कीम ७. म्हणजे साधारण हजार माणसांमागे एक मत, राज्य मोठं असो की लहान. वायोमिंगसारखा बोनस नाही. खासदारांच्या मताचं मूल्य असं ठरवतात की सगळ्या खासदारांची बेरीज सगळ्या आमदारांच्या बेरजेच्या बरोबरीला यावी. २०२२ मध्ये ते ७०० होतं.

आणि मुख्य फरक: महाराष्ट्राची २८८ गुणिले १७५ म्हणजे ५०,४०० मतं एका गठ्ठ्यात जात नाहीत. ज्या आमदाराने ज्याला दिलं त्याला. हाच नियम अमेरिकेत असता तर हा धागाच निघाला नसता.

शिवाय मतदान गुप्त, पक्षादेश काढता येत नाही. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असूनही तिने प्रतिभाताई पाटलांना मतं दिली, ते याच पद्धतीत.

खडूस काका
आणि १९७१ ची लोकसंख्या अजून गोठवलेली आहे, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. अमेरिकेत निदान दर दहा वर्षांनी इलेक्टर्सची फेरवाटणी होते. आपल्या डोळ्यातलं मुसळही बघा.

तळटीप
पसंतीक्रमाचं कुणी बोललं नाही. भारतात पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मूल्य कुणालाच नसेल तर शेवटचे बाद करत त्यांच्या दुसऱ्या पसंती वाटतात. हे एकदाच लागलं, १९६९ मध्ये. कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. हो, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे सीडीच. दुसऱ्या पसंती वाटल्यावर गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. देशमुखांच्या मतदारांच्या दुसऱ्या पसंती बऱ्याच रेड्डींकडे गेल्या, तरी थोडक्यात राहिलं.

गावकुस
मग महाराष्ट्रातलं घरचं उदाहरण का सोडता? नगराध्यक्ष. २०१६ ला थेट जनतेतून, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला पुन्हा थेट. सरपंचाचं तसंच: २०१७, २०२०, २०२२. जे सरकार येईल ते आपल्या सोयीचा नियम आणतं.

थेट निवडीत काय बिघडतं ते इथे दिसतं. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. विषय समित्या दुसऱ्यांच्या हातात, अंदाजपत्रक अडकणार, सर्वसाधारण सभा तहकूब. नगरसेवकांतून निवडलं की तो तिढा नाही, पण मग अडीच वर्षांत सहलीला निघतात. दोन्हींत दुखणं आहे, तुम्हाला कुठलं परवडतं ते बघायचं.

सुपारीफुल
गावकुस, तुमच्या उदाहरणात एक फरक आहे. अमेरिकेत इलेक्टर्सनी निवडला तरी अध्यक्ष आणि काँग्रेस वेगवेगळ्या पक्षांचे असतातच. इलेक्टर्स काही सभागृहाचे सदस्य नव्हेत. तेव्हा तो तिढा पद्धतीवर अवलंबून नाही.

गावकुस
बरोबर. म्हणूनच म्हणतो, इलेक्टर्सच्या पद्धतीत तोटे दोन्हीकडचे आणि फायदा एकाही बाजूचा नाही. 😀

राईचापर्वत
मेन-नेब्रास्का पद्धत सगळीकडे लावा म्हणणाऱ्यांसाठी. तिथे प्रत्येक हाउस मतदारसंघाचा एक इलेक्टर आणि राज्यात जिंकेल त्याला दोन. ऐकायला छान. २०१२ ला हे देशभर लावलं असतं तर? ओबामा देशात जवळपास ५० लाखांनी पुढे. पण मतदारसंघ रॉम्नींना २२६, ओबामांना २०९. ओबामांची २६ राज्यं म्हणून ५२ आणि डी.सी.चे ३, एकूण २६४. रॉम्नी २७४. म्हणजे सध्याच्या पद्धतीने जो निकाल सरळ लागला तोही उलटा केला असता. कारण मतदारसंघांच्या रेषा विधिमंडळातला पक्ष आपल्या सोयीने आखतो. राज्याच्या सीमा निदान कुणाला हलवता येत नाहीत.

अनुस्वार
आणि राज्यात मतांच्या प्रमाणात वाटायचे म्हटलं तर तिसऱ्या उमेदवाराला इकडेतिकडे दोनचार मिळतात आणि २७० कुणालाच नाही. मग परत हाउस, परत एका राज्याला एक मत. २७० ची अट आणि हाउसचा नियम तसाच ठेवून प्रमाणात वाटणं धोक्याचं आहे. एकट्यादुकट्या राज्याने केलं तर त्यात जो पक्ष सध्या जिंकतो तो स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेणार, म्हणून कुणी करतही नाही.

बटाटेवडा
इलेक्टरने ऐनवेळी टोपी फिरवली तर?

तळटीप
२०१६ मध्ये सात जणांनी फिरवली, म्हणून शेवटचा आकडा ३०४–२२७. तीन मतं कॉलिन पॉवेल यांना गेली, ते उभेही नव्हते. वॉशिंग्टन राज्याने आपल्या फुटलेल्यांना प्रत्येकी हजार डॉलर दंड केला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२० मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की राज्य इलेक्टरला बांधून ठेवू शकतं, शिक्षाही करू शकतं. पण असा कायदा सगळ्या राज्यांत नाही.

२००४ मध्ये मिनेसोटातल्या एका इलेक्टरने अध्यक्षपदासाठी "जॉन इवर्ड्स" असं लिहिलं. केरींच्या जागी उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉन एडवर्ड्स, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगने. मतदान गुप्त होतं, कुणी लिहिलं ते बाहेर आलं नाही. पुढे राज्याने कायदा बदलला.

खडूस काका
थेट मतवाल्यांना एक प्रश्न. १९६० मध्ये जास्त मतं कुणाला होती? सगळे म्हणतात केनेडी, लाखभराने. अलाबामात मतदार इलेक्टर्सना नावानिशी मत देत होते. डेमोक्रॅट्सच्या ११ इलेक्टर्सपैकी पाच केनेडींना बांधलेले, सहा कुणालाच नाही. त्या सहांनी मतं दिली सिनेटर हॅरी बर्ड यांना. आता त्या राज्यातली डेमोक्रॅट मतं केनेडींची किती धरायची? वाटून धरली तर देशभरात निक्सन पुढे जातात. "देशातली एकूण मतं" हा आकडा कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही, वर्तमानपत्रं बेरीज करतात.

सुपारीफुल
इतिहास म्हणून उत्तम. आज कुठल्याही राज्यात तसं मतदान होत नाही.

खडूस काका
आज मेनमध्ये पसंतीक्रमाने होतं. देशाच्या बेरजेत त्यांची पहिली पसंती धरणार की शेवटच्या फेरीचा आकडा? आधी लिहून ठेवा, नंतर भांडू नका.

खटपट्या
काका, हाच प्रश्न मला हवा होता. घटनादुरुस्ती न करता होणाऱ्या राज्यांच्या कराराबद्दल कुणी लिहील का?

तळटीप
लिहितो. सही करणारी राज्यं म्हणतात: आमच्या राज्यात कुणीही जिंको, आमचे सगळे इलेक्टर्स देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्याला. अट अशी की करारातल्या राज्यांचे इलेक्टर्स मिळून २७० होईपर्यंत तो लागू नाही. मेरीलँड २००७ मध्ये पहिलं. २०२४ मध्ये मेन आल्यावर १७ राज्यं आणि डी.सी., एकूण २०९. तोवर आलेली सगळी डेमोक्रॅट्सकडे झुकणारी.

अडचणी अशा. एक, राज्याराज्यांतल्या करारांना काँग्रेसची संमती लागते असं घटनेत आहे. याला लागते की नाही यावर खटला नक्की. दोन, कुणी पळून जाऊ नये म्हणून अध्यक्षाच्या मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत घेतलेली माघार धरायची नाही असं कलम आहे, पण हरणाऱ्या राज्याचं विधिमंडळ नोव्हेंबरात ते पाळेल का आणि न पाळल्यास कोर्ट काय करेल? तीन, बाहेरच्या राज्याच्या आकड्यांवर करारातल्या राज्यांचा काहीच ताबा नाही, त्यांनी प्रमाणित केलं ते अंतिम. फेरमोजणी मागता येत नाही. चार, निम्म्या मतांची अट नाही. ३५ टक्क्यांवालाही चालेल, फक्त पहिला हवा.

अनुस्वार
चौथा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. थेट मत म्हणजे एकच पद्धत नव्हे. दक्षिण कोरिया १९८७: लोकांनी आंदोलन करून थेट निवडणूक मिळवली, विरोधी पक्षाचे दोन किम एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि लष्करी राजवटीचाच माणूस रोह ते-वू ३६.६ टक्क्यांवर निवडून आला. दुसरी फेरी ठेवली नव्हती.

फ्रान्समध्ये १९५८ ला इलेक्टर्स होते, जवळपास ऐंशी हजार. १९६२ च्या सार्वमताने थेट निवड आणि दोन फेऱ्या. तिथेही २००२ ला पहिल्या फेरीत डाव्यांची मतं इतकी वाटली गेली की १६.१८ टक्क्यांवर झोस्पँ बाहेर आणि १६.८६ वर ल पेन दुसऱ्या फेरीत. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये इलेक्टर्स रद्द केले आणि अट घातली: ४५ टक्के, किंवा ४० टक्के आणि दहाची आघाडी, नाहीतर दुसरी फेरी. श्रीलंकेत एकाच मतपत्रिकेवर तीन पसंती. २०२४ ला दिसानायके ४२.३१ टक्क्यांवर होते, तेव्हा तिथे पहिल्यांदाच दुसऱ्या पसंती मोजाव्या लागल्या.

ओहायोकर
अमेरिकेत दुसरी फेरी ठेवायची तर कॅलेंडर बघा. नोव्हेंबरचा पहिला आठवडा मतदान. काही राज्यांत टपाली मतांची मोजणी आणि प्रमाणपत्रं डिसेंबरपर्यंत चालतात. २० जानेवारीला दुपारी बाराला शपथ, ती तारीख विसाव्या दुरुस्तीत कोरलेली आहे. परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका ४५ दिवस आधी पाठवायचा केंद्रीय कायदा आहे. दुसरी फेरी बसते कुठे? पहिली फेरी सप्टेंबरात न्यावी लागेल. नाहीतर श्रीलंकेसारखा पसंतीक्रम.

राईचापर्वत
घटनादुरुस्ती अगदीच अशक्य म्हणणाऱ्यांनी १९६९ वाचा. आदल्या वर्षी तिसरे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी ४६ इलेक्टर्स नेले आणि सगळ्यांची झोप उडाली. थेट निवड, किमान ४० टक्के, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी, असा प्रस्ताव हाउसने ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला. निक्सन यांनीही पाठिंबा दिला. १९७० मध्ये सिनेटमध्ये लांबण लावून अडवला. चर्चा थांबवायचा ठराव ५४–३६, दोन तृतीयांश हवे होते. अडवणाऱ्यांत दक्षिणेचे आणि लहान राज्यांचे सिनेटर. सिनेट ओलांडलं असतं तरी तेव्हाही, आजही, ३८ राज्यांची मान्यता लागतेच. म्हणजे १३ राज्यं नाही म्हणाली की संपलं.

गावकुस
मोठ्या शहरांचंच राज्य येईल अशी भीती कुणीच कशी घातली नाही अजून? धागा भरकटलाय नक्की.

सुपारीफुल
घ्या. सगळ्यात मोठी शंभर शहरं मिळून लोकसंख्या देशाच्या जवळपास पाचवा हिस्सा. जनगणनेच्या व्याख्येने ग्रामीण लोकसंख्याही पाचवा हिस्सा. उरलेले तीन हिस्से उपनगरांत आणि छोट्या शहरांत. नुसती शहरं जिंकून कुणी निवडून येत नाही.

खटपट्या
आता मूळ प्रश्नाकडे. काकांच्या आक्षेपांमुळे माझी मागणी लांबली आहे, बदललेली नाही. थेट मत हवं, पण दुरुस्तीतच चार गोष्टी लिहून: अध्यक्षपदाच्या मतदानासाठी देशभर एकच वय आणि एकच पात्रता, मतपत्रिकेवर तीन पसंती, फरक अमुक टक्क्यांच्या आत असेल तर सगळ्या राज्यांत एकाच नियमाने फेरमोजणी, आणि देशाची बेरीज अधिकृतपणे जाहीर करणारी एक संस्था. राज्यांचा करार मला नको, त्यात यातलं एकही नाही.

खडूस काका
यातली चौथी गोष्ट आधी करून दाखवा. केंद्राची निवडणूक संस्था म्हटलं की टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोघंही पहिल्यांदाच एका बाजूला येतील, विरोधात. अमुक टक्के म्हणजे किती तेही लिहा. फ्लोरिडात अर्धा टक्का आहे. देशाच्या १५ कोटींवर अर्धा टक्का म्हणजे साडेसात लाख मतं. २००० ला एकूण मतंच साडेदहा कोटी, तेव्हा ते अगदी थोडक्यात सुटलं असतं, पण १९६० ला फेरमोजणी लागली असती. लाखभर मतदान केंद्रं, पाच आठवड्यांत.

रोखठोक
०.१ टक्का ठेवा. आजच्या हिशेबात दीड लाख मतं. १९६० ला एकूण मतं सात कोटींच्या आत, त्यामुळे तेही सुटतं.

खडूस काका
०.१ चालेल. आता ती संस्था कोण चालवणार ते लिहा.

बटाटेवडा
आपले जुने मुख्य निवडणूक आयुक्त मोकळे असतील तर विचारून बघा.